बंब उशिरा येतो, म्हणून बंबच नको?

खेड्यासाठी अग्निशमनाची सोय हवी, असं कुणी म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग समजुतीच्या सुरात सांगू लागतो. खेड्यात आगी लागतात कितीशा? घरं बैठी, माणसं थोडी, पळायला मोकळं रान. विहिरी आहेत, शेततळी आहेत. शिवाय गावात एकोपा असतो, एक हाक मारली की शंभर माणसं धावतात. बंब ठेवायचा तर चालक, फायरमन, डिझेल, दुरुस्ती, हे ग्रामपंचायतीला झेपणार आहे का? आणि ठेवून तरी उपयोग काय, तो पोहोचेपर्यंत सगळं जळून गेलेलंच असतं. नुकसान झालंच तर पंचनामा होतो, मदत मिळते. एवढं ऐकवलं की विषय मिटतो आणि चहा येतो.

हे मत पारावरच्या गप्पांपुरतं असतं तर सोडून देता आलं असतं. पण ते नियोजन करणाऱ्यांच्या टेबलावर आहे, अंदाजपत्रकात आहे, आणि ज्यांच्या गावात दर उन्हाळ्यात दोन-चार गोठे जळतात अशा पुढाऱ्यांच्या तोंडीही आहे. म्हणून त्याची एकेक शीर उकलून पाहायला हवी.

आगी कमी लागतात, हे मोजलं कुणी? शहरात आग लागली की अग्निशमन दलाकडे वर्दी जाते. वर्दीची वेळ, गाडी निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, आगीचं कारण, सगळं वहीत चढतं. वर्षअखेरीला त्याचे तक्ते होतात आणि त्या तक्त्यांच्या जोरावर पुढची केंद्रं मागितली जातात. खेड्यात दलच नाही, तर वर्दी द्यायची कुणाला? फार तर पोलिस ठाण्यात ‘अकस्मात जळीत’ अशी नोंद होते, पंचनामा होतो, कागद तहसिलीत जातो. कडब्याची गंजी किंवा दोन एकर ऊस गेला, तर पुष्कळदा तेवढंही होत नाही. स्थानिक पानावर चार ओळी येतात, शेवटी ‘आगीचे कारण शॉर्टसर्किट’ असं लिहिलेलं असतं, आणि शॉर्टसर्किट म्हणजे जणू दैवच अशा थाटात सगळे मान डोलावतात. दल नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आगी नाहीत, आणि आगी नाहीत म्हणून दल नको. जोखीम मोजण्याची हीच रीत असेल, तर ज्या गावात डॉक्टर नाही ते गाव निरोगी म्हणून जाहीर करायला हरकत नाही.

ज्या थोड्या ठिकाणी मोजदाद झाली, तिथले आकडे वेगळंच बोलतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात आगीच्या अपघातांत सात हजारांहून अधिक माणसं गेली. यातले निम्म्याहून अधिक मृत्यू दरवर्षी राहत्या घरांत होतात. उंच इमारती आणि कारखाने यांचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ कमी आहे. पडद्यावर मात्र दिसतो तो पंधराव्या मजल्यावरचा धूर, कारण तिथे कॅमेरा पोहोचतो.

‘घरं बैठी आणि मोकळी’ हे वर्णन कोकणातल्या वाडीला कदाचित लागू पडेल. देशावरचं गावठाण ज्याने पाहिलं आहे तो असं म्हणणार नाही. तिथे भिंतीला भिंत लागून घरं असतात, माळवदाला जुनं लाकूड असतं, बोळातून बैलगाडी कशीबशी जाते. घराला लागून गोठा, गोठ्याला लागून कडबा, कडब्यामागे गोवऱ्यांची रास. स्वयंपाकघरात चूल आणि गॅस शेजारी शेजारी नांदतात. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि १४.२ किलोचं सिलिंडर अशा घरांत पोहोचलं जिथे चूल अजून विझलेली नव्हती. सिलिंडर येणं चांगलंच झालं. पण त्यासोबत रबरी नळी कधी बदलायची आणि गळती झाली तर आधी काय करायचं, हे किती घरांत कुणी बसून समजावलं?

खेड्याच्या पोटात आता काय काय साठतं, तेही पाहावं. विदर्भात आणि खानदेशात भाव चढेल या आशेवर शेतकरी राहत्या घरात कापूस भरून ठेवतो. माणसं झोपतात ती खोली आणि कापसाची खोली यांच्यात कधी एक दार असतं, कधी तेही नसतं. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये खाली भुशाची गादी आणि वर पिलांना ऊब देणारे गॅसचे ब्रूडर असतात. काजूचे कारखाने, जिनिंग, डिझेलचे कॅन, फवारणीची औषधं, आणि आता रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. हे सगळं शहरात एका ठिकाणी असतं तर त्यासाठी परवाने, तपासण्या आणि नोटिसा निघाल्या असत्या. खेड्यात त्याला जोडधंदा म्हणतात.

कारखानेही आता गावातच आहेत. मुळशी तालुक्यातल्या उरवड्याला ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कंपनीत आग लागली आणि १७ कामगार होरपळून गेले. त्यांत बहुतेक महिला होत्या. आत अडकलेल्यांपर्यंत पोहोचायला जेसीबीने भिंती फोडाव्या लागल्या. हे पुण्याच्या उंबरठ्यावरचं गाव. इथली ही गत, तर साक्री तालुक्याचं काय? १८ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या चिपलीपाड्याला केकवरच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून चार महिला गेल्या. आदिवासी पाड्याजवळ शोभेच्या दारूसारखा माल हाताळला जात असताना त्या भागाची ‘आगीची जोखीम’ कोणत्या कागदावर लिहिलेली होती? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. रस्ता जागतिक दर्जाचा म्हणून गाजला, पण तो ज्या तालुक्यांतून जातो तिथली मदतीची सोय मात्र जुनीच राहिली.

आता विहिरींकडे वळू. गावात पाणी आहे, हे खरंच. पण आग लागली की जाणता माणूस पहिलं काम करतो ते डीपी बंद करण्याचं, आणि ते बरोबरच असतं, कारण चालू तारांवर पाणी मारणं म्हणजे दुसरा बळी देणं. डीपी बंद झाला की मोटर बंद. शेतीच्या फीडरला वीज मुळात आळीपाळीने ठरावीक तास, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे विहीर भरलेली, शेततळं भरलेलं, आणि पाणी वर काढायला दोरी-बादली. एवढं पाणी ‘उपलब्ध’ म्हणून तक्त्यात दाखवायला फार छान दिसतं.

शंभर माणसं धावतात, हेही खरं. पण ती हातात काय घेऊन धावतात? मार्चमधली एखादी दुपार घ्या. तोडणीची वाट पाहणारा ऊस उभा आहे, बुडाशी वाळलेलं पाचट आहे. वरून गेलेल्या तारांना झोळ पडलेला. वारा सुटला, तारा एकमेकींना घासल्या, ठिणग्या खाली. सुरुवातीला फक्त तडतड ऐकू येते, मग एका सरीतून दुसऱ्या सरीत ज्वाळ उडी मारते. कुणी शेजारच्या फडात कोयत्याने मधला पट्टा मोकळा करायला घेतो, कुणी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून बांधाच्या कडेने फिरवतो, कुणी कडुलिंबाच्या ओल्या फांद्यांनी झोडपतो. एकजण सरपंचांना फोन लावतो, सरपंच नगरपरिषदेला, तिथून उत्तर येतं की गाडी दुसरीकडे गेली आहे, किंवा हद्दीबाहेर सोडायला साहेबांना विचारावं लागेल. तोवर ज्याचा ऊस आहे तो म्हातारा धुरात शिरलेला असतो. बांध पेटवताना किंवा शेतातली आग विझवताना गुदमरून, भाजून वयस्क शेतकरी गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्याला धाडस म्हणायचं की सरकारी कामाचा भार फुकटात उचलणं म्हणायचं? जो ऊस वाचतो तो ‘जळीत’ म्हणून कारखान्यात कपातीला सामोरा जातो, आणि लवकर तोडला नाही तर वजनही घटतं. गावाच्या एकोप्याचं कौतुक सगळ्यांना असतं, कारण कौतुकाला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

ही दुरवस्था आपोआप झालेली नाही, तिला कायद्याचं मूळ आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि नगरपालिकांच्या अठरा विषयांत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर बसली. त्याच वर्षीच्या ७३व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींना २९ विषय दिले. त्यांत मत्स्यव्यवसाय आहे, ग्रंथालयं आहेत, जत्रा-बाजार आहेत, इंधन आणि चाराही आहे. चारा पेटला तर विझवायचा कुणी, ते नाही. महाराष्ट्रात अग्निशमन दल स्थानिक संस्थांच्या ताब्यात असल्यामुळे ही उणीव थेट गावकऱ्याच्या अंगावर येते: पालिकेच्या हद्दीत दल, हद्दीबाहेर देव. अनेक नगरपरिषदा हद्दीबाहेरच्या वर्दीचं शुल्क लावतात. आपलं घर जळत असताना बिल कुणाच्या नावे फाडायचं याची चर्चा ऐकण्याची सोय बाकी गावकऱ्याला झालेली आहे.

शेजारी पाहिलं तर हे असंच असायला हवं असं काही नाही. गोव्यात अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा राज्याचं संचालनालय चालवतं; वाळपई, पेडणे, काणकोण अशा ठिकाणी केंद्रं आहेत. गोवा लहान आहे म्हणून जमतं, असं कुणी म्हणेल. मग तमिळनाडू लहान आहे का? तिथेही हे राज्याचंच खातं आहे. केरळमध्येही तसंच, आणि तिथे प्रत्येक केंद्राशी ५० याप्रमाणे नागरी स्वयंसेवक जोडून त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. महाराष्ट्रात तर देशाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. देशभरचे अधिकारी इथे येऊन शिकून जातात. तिथून काही तासांच्या अंतरावर मेळघाटात उन्हाळाभर वणवे धुमसतात. मुंबई गोदीतल्या १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह होतो. खेड्यात हा आगीचा ऐन हंगाम. तरीही सप्ताहाची प्रात्यक्षिकं होतात ती बहुधा महापालिकेच्या मैदानावर.

‘बंब पोहोचेपर्यंत सगळं जळतं’ या युक्तिवादाला सगळ्यात जास्त टाळ्या पडतात, म्हणून त्याच्याकडे थोडं थांबून पाहू. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष ग्रामीण भागासाठी २० मिनिटांत पोहोचण्याचा आहे. पाण्याने भरलेली गाडी गावच्या रस्त्यावरून तासाला ४० किलोमीटरने गेली, तर २० मिनिटांत ती साधारण १३ किलोमीटर जाईल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३ हजारांहून अधिक गावं होती आणि राज्याची ५५ टक्के लोकसंख्या, म्हणजे सहा कोटींवर माणसं त्यांत राहत होती. तालुके साडेतीनशेच्या वर. म्हणजे सरासरी एका तालुक्यात सव्वाशेच्या आसपास गावं, आणि अनेक तालुक्यांत बंब एकच, तोही तालुक्याच्या गावी. अंतर चाळीस किलोमीटर असेल तर उशीर होणारच. या उशिरातून निघणारा निष्कर्ष ‘बंब जवळ आणा’ असा हवा. तो ‘बंब नको’ असा कसा निघतो, हे तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारायला हवं. २०११ च्या सुमारास गृह मंत्रालयासाठी देशभरच्या आगीच्या जोखमीचा अभ्यास झाला, तेव्हा निकषांच्या तुलनेत अग्निशमन केंद्रांची कमतरता ९७ टक्क्यांहून अधिक निघाली. ज्याला हा अहवाल माहीत आहे त्याने तरी गाडीच्या उशिराचा दाखला देऊ नये.

शिवाय, ‘सगळं’ जळतं म्हणजे काय? पहिलं घर कदाचित जातंच. बंब असतो तो दुसऱ्या आणि विसाव्या घरासाठी, शेजारच्या गोठ्यात बांधलेल्या जनावरांसाठी, गंजीतून गंजीत पसरणारी आग तोडण्यासाठी. हृदयविकाराचा रुग्ण रुग्णवाहिका येण्याआधी दगावतो, असंही होतं. म्हणून १०८ बंद करा, असं कुणी म्हणत नाही. उलट, जानेवारी २०१४ मध्ये याच राज्याने ९३७ रुग्णवाहिका एका क्रमांकावर जोडून ग्रामीण भागातही उभ्या केल्या. तेव्हा रस्ते आजच्यापेक्षा वाईट होते, गावं तेवढीच विखुरलेली होती, आणि सरकारही श्रीमंत नव्हतं. मग जे रुग्णवाहिकेला जमलं ते बंबाला का जमू नये? रस्ते अरुंद आहेत, बोळात मोठी गाडी वळत नाही, हे म्हणणंही मोठ्या गाडीपुरतंच. पिकअपवर बसवलेली टाकी आणि पंप बोळात जातो. पाण्याची धार तुषारासारखी मारणारी लहान वाहनं शहरांनी झोपडपट्ट्यांसाठी घेतलेलीच आहेत.

पैशाचं रडगाणं तर आता गाऊच नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जुलै २०२३ मध्ये सुरू केली. महाराष्ट्रासारख्या राज्याने त्यात २५ टक्के वाटा घालायचा. या पैशातून महानगरांसाठी आणखी उंच शिड्या येतील, की साक्री, सिंदखेडराजा, मुळशीच्या वाट्यालाही काही येईल, हे मागितल्याशिवाय ठरणार नाही. आणि पगारी दल प्रत्येक गावात ठेवा असं कुणी म्हटलंच नव्हतं. जर्मनीत खेड्यापाड्यांचं अग्निशमन दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक सांभाळतात. चिलीत तर सगळ्या देशाचेच आगविझवे बिनपगारी आहेत. पण त्यांच्या हातात गणवेश, गाडी, नळी, विमा आणि सराव आहे. आपल्याकडे स्वयंसेवक आहेत, बाकीचं सगळं नाही.

गावात थोडी नजर टाकली तर साधनंही दिसतात. द्राक्षपट्ट्यात ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर घरटी नसला तरी वस्तीवर एखादा असतोच, टाकीसकट, आणि वीज नसली तरी चालतो. एचटीपी पंप आणि दोनशे लिटरचा बॅरल जवळपास प्रत्येक बागायतदाराकडे असतो. जलजीवनच्या नव्या टाक्या गावोगाव उभ्या राहिल्या. पण त्यांच्या बुडाशी बंब किंवा टँकर झटपट भरता येईल असा व्हॉल्व किती ठिकाणी बसवला? बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. दोन नळ्या चालल्या की दहा-पंधरा मिनिटांत टाकी रिकामी. मग तो पाण्यासाठी परत तालुक्याला जातो आणि लोक म्हणतात, बंबाचा उपयोग नाही. एक व्हॉल्व बसवायला घटनादुरुस्ती लागत नाही. कोकणात आंब्या-काजूच्या बागेभोवती पावसाळ्यानंतर जाळरेषा काढली तर कलमं वणव्यातून वाचतात, हे बागायतदार जाणतो. मजुरी त्याने एकट्याने सोसावी, असा आपला अलिखित नियम आहे.

शेवटचा आधार नुकसानभरपाईचा. आग ही केंद्राने मान्य केलेल्या आपत्तींपैकी एक आहे, म्हणून मदत मिळते, हे बरोबर. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत जळालेल्या झोपडीसाठी ८,००० रुपये, कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० आहेत. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, तेही कुटुंबामागे तीन जनावरांपर्यंत. चांगल्या मुऱ्हा म्हशीचा बाजारभाव आठवड्याच्या बाजारात विचारून यावा आणि मग या रकमेला भरपाई म्हणावं. कापूस, बेदाणा, बियाणं, मुलांची प्रमाणपत्रं, लग्नासाठी जपलेले दागिने यांचा तर पंचनाम्यात रकानाच नसतो. आग विझवण्यावर खर्च करायचा नाही आणि राखेवर अनुदान द्यायचं, याला काटकसर म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेबाची वही उघडावी.

एमआयडीसीचे आणि साखर कारखान्यांचे बंब आहेत की, असंही एक उत्तर मिळतं. ते येतात, अनेकदा धावून येतात, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण कारखान्याचा बंब कारखान्यासाठी असतो. शेजाऱ्याच्या सौजन्यावर सहा कोटी लोकांची सुरक्षा उभी करणं याला व्यवस्था म्हणत नाहीत.

तेव्हा मागणी साधी आहे. तालुका हा घटक धरून राज्याने अग्निशमनाची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. प्रत्येक तालुक्याला एक मोठा बंब, दर मोठ्या महसूल मंडळाला एक लहान गाडी, आणि गावपातळीवर प्रशिक्षित, विमा असलेलं पथक. ‘अकस्मात जळीत’च्या नोंदी तालुकावार एकत्र करून दरवर्षी प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे आगी किती लागतात हा वाद तरी मिटेल. केंद्राने २०१९ मध्येच आदर्श अग्निशमन विधेयकाचा मसुदा राज्यांना पाठवला आहे; तो कपाटातून काढायला नवा आयोग नेमण्याची गरज नाही.

आणि गावकऱ्यांनी वाट पाहत बसू नये. १ मेची ग्रामसभा नेमकी आगीच्या हंगामात येते. विषयपत्रिकेवर हा विषय लेखी द्यावा: गावात गेल्या पाच वर्षांत काय काय जळालं त्याची यादी, कोणत्या डीपीजवळ तारांना झोळ आहे, टाकीला व्हॉल्व कधी बसणार, कुणाकडे ब्लोअर आहे, कुणाचा फोन रात्री लागतो, आणि जवळचा बंब किती किलोमीटरवर आहे. ठराव झाला की त्याची प्रत तहसीलदार, महावितरण आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यावी आणि तिन्ही ठिकाणची पोच घ्यावी.